बेनामी प्रवासी

विमानातली खुर्ची हा अतिशय नाशवंत माल आहे. मंडईतली मेथी संध्याकाळी पडत्या भावात तरी जाते. विमानाचं दार लागलं की आतल्या रिकाम्या खुर्चीला कुणी विचारत नाही. विमान कंपन्या खुर्च्यांपेक्षा जास्त तिकिटं विकतात, त्याचं मूळ इथे आहे. समजा, विमानात १८० खुर्च्या आहेत आणि तिकीट काढलेल्या शंभरांतले पाच जण ऐनवेळी येत नाहीत. बरोबर १८० तिकिटं विकली तर सरासरी नऊ खुर्च्या रिकाम्या उडतात. १८६ विकली तर सरासरी १७७ माणसं येतात, आणि साधारण अकरा फेऱ्यांतून एकदा १८० पेक्षा जास्त माणसं दारात उभी राहतात. प्रत्यक्षात गणित इतकं सरळ नसतं. कुटुंब येतं तर सगळं येतं, नाहीतर कुणीच येत नाही. सोमवारी सकाळी कामाला निघालेला माणूस आणि सुट्टीला निघालेली मित्रमंडळी यांची गळती वेगवेगळी असते. पण मुद्दा तोच. अमेरिकन एअरलाइन्सच्या तज्ज्ञांनी १९९२ मध्ये एका लेखात लिहिलं होतं की, विक्री खुर्च्यांच्या आकड्यापाशीच थांबवली तर 'फुल' झालेल्या विमानांतही सुमारे १५ टक्के खुर्च्या रिकाम्या जातील.

माझं नोकरीतलं कामही अंदाज बांधण्याचंच आहे, त्यामुळे हा हिशेब मला आपलासा वाटतो. एकच खुर्ची दोघांना विकणं ही फसवणूक नाही तर काय, असं लोक चिडून विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण रिकामी उडालेली खुर्चीही कुणाच्या तरी नशिबातून गेलेली असते. ज्याला त्या दिवशी जायचंच होतं आणि 'जागा नाही' असं ऐकून जो घरी बसला, त्याच्या. म्हणून ओव्हरबुकिंग करावं की नाही यापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: दारात एक माणूस जास्त झाला तर मागे कुणी राहायचं, आणि ते ठरवायचं कसं?

या प्रश्नाचं एक फार चांगलं उत्तर अमेरिकेत सापडलं, आणि ते सहजासहजी सापडलेलं नाही. १९७२ च्या एप्रिलमध्ये ग्राहकांच्या हक्कांसाठी लढणारे राल्फ नेडर वॉशिंग्टनहून हार्टफर्डला निघाले होते. अलेघेनी एअरलाइन्सचं कन्फर्म तिकीट होतं, हार्टफर्डला सभा ठरलेली होती, आणि विमानतळावर त्यांना कळलं की विमान भरलंय, तुम्हाला जागा नाही. त्या काळी जास्तीची तिकिटं विकतो हे कंपन्या प्रवाशांना सांगत नसत. नेडर कोर्टात गेले. १९७६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फसवणुकीचा त्यांचा दावा चालू शकतो असा निकाल दिला आणि ओव्हरबुकिंग चव्हाट्यावर आलं.

उत्तर मात्र त्याआधीच एका अर्थशास्त्रज्ञाने लिहून ठेवलं होतं. १९६८ मध्ये ज्युलियन सायमन यांनी एक छोटा लेख छापला. त्यांचं म्हणणं साधं होतं: विमान जास्त भरलं तर प्रत्येक प्रवाशाला एक पाकीट आणि एक कागद द्या. किती पैसे मिळाले तर तुम्ही पुढच्या विमानाने जायला तयार आहात, तो आकडा त्याने लिहावा. ज्याचा आकडा सगळ्यात कमी त्याला तेवढे पैसे द्या आणि मागे ठेवा. कुणावर जबरदस्ती नाही. ज्याला वेळ आहे तो पैसे घेतो, ज्याला घाई आहे तो जातो. विमान कंपन्यांनी ही कल्पना उडवून लावली. अखेर १९७८ मध्ये, आल्फ्रेड कान अध्यक्ष असताना, विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्ड या सरकारी मंडळाने नियम केला की कुणालाही जबरदस्तीने उतरवण्याआधी कंपनीने राजीखुशीने थांबणारे लोक शोधलेच पाहिजेत. गेटवर 'व्हॉलंटियर हवेत' अशी जी घोषणा आपण ऐकतो, ती तिथून आली.

हा लिलाव अर्धवट सोडला तर काय होतं ते आम्ही शिकागोकरांनी जवळून पाहिलं आहे. ९ एप्रिल २०१७, रविवारची संध्याकाळ, ओहेअर विमानतळ. लुइव्हिलला निघालेल्या युनायटेड एक्सप्रेसच्या विमानात प्रवासी बसलेले होते आणि कंपनीला आपल्या चार कर्मचाऱ्यांना त्याच विमानाने न्यायचं होतं. चारशे डॉलर देऊ केले, मग आठशे. कुणी उठलं नाही. तिथे बोली थांबवली आणि चार नावं काढली. त्यातल्या ६९ वर्षांच्या डॉक्टरांनी, उद्या मला पेशंट बघायचे आहेत, असं सांगून उठायला नकार दिला. विमानतळाच्या सुरक्षा अधिकाऱ्यांनी त्यांना खुर्चीतून ओढून, फरफटत बाहेर नेलं. नाक मोडलं, दोन दात पडले. सहप्रवाशांनी काढलेलं चित्रण जगभर फिरलं. त्या दिवशी हजाराला, दीड हजाराला कुणीतरी उठलंच असतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्या महिन्याच्या आतच युनायटेडने राजीखुशीने थांबणाऱ्याला देऊ करायच्या पैशांची मर्यादा दहा हजार डॉलरपर्यंत नेली, डेल्टाने ९,९५० पर्यंत. साउथवेस्टने ओव्हरबुकिंगच बंद करत असल्याचं जाहीर केलं. एकदा आत बसलेल्या प्रवाशाला जागा कमी पडते म्हणून उतरवायला २०१८ च्या कायद्याने बंदी आली. अमेरिकेत जबरदस्तीने मागे ठेवलेल्यांचं प्रमाण २०१६ मध्ये दर दहा हजार प्रवाशांमागे ०.६२ होतं, ते २०१७ मध्ये ०.३४ झालं. बोली पुढे जाऊ दिली की धक्काबुक्की लागत नाही, एवढं त्यातून दिसलं.

आणि मग जिथे दहा हजार डॉलर हा आकडा छापून येतो, तिथे डोकी चालू लागणारच.

माझ्या बहिणीचा मुलगा इथे शिकायला आला, आता नोकरी करतो आणि महिन्यातून एखाद्या शनिवारी वरणभात खायला माझ्याकडे येतो. क्रेडिट कार्डांचे पॉइंट, माइल्स, कुठल्या कार्डावर कुठलं लाउंज मिळतं, हे सगळं त्याला तोंडपाठ. मागच्या हिवाळ्याच्या तोंडावर तो जेवताना म्हणाला, "मावशी, थँक्सगिव्हिंगनंतरच्या रविवारी विमानं तुडुंब असतात ना? मी एक गंमत शोधलीय." आणि ताट बाजूला सारून त्याने लॅपटॉप उघडला.

त्याची युक्ती अशी. त्या रविवारी संध्याकाळचं एक विमान निवडायचं, आधीच जवळजवळ भरलेलं. आपलं स्वतःचं स्वस्तातलं तिकीट काढायचं. मग मित्रांच्या नावांवर त्याच विमानाची फर्स्ट क्लासची पूर्ण रिफंडेबल तिकिटं काढायची. महाग असतात, पण पैसे परत मिळणारच असतात. क्रेडिट कार्डावर घेतलेल्या रिफंडेबल तिकिटाचे पैसे सात कामकाजी दिवसांत परत द्यायचे असा नियमच आहे. विमान कागदावर ओसंडून वाहू लागतं. कंपनी व्हॉलंटियर शोधायला लागते. आपण हात वर करायचा, हजारेक डॉलरचं व्हाउचर घ्यायचं, आणि मित्रांची तिकिटं शेवटच्या घटकेला रद्द करायची.

"फर्स्ट क्लासच का?" मी विचारलं.

"तीच तर गोम आहे!"

आणि ती खरोखर गोम होती. पोराने अभ्यास केला होता. कंपनी इकॉनॉमीत जास्तीची तिकिटं विकते तेव्हा तिच्या मनात एक उशी असते: पुढच्या केबिनमध्ये चार-पाच खुर्च्या रिकाम्या राहतील. मागे तीन माणसं जास्त झाली तर तिघांना पुढे बसवायचं, प्रश्न मिटला. अचानक मिळणारे अपग्रेड पुष्कळदा यातूनच येतात. ती उशीच काढून घेतली तर मागची तीन माणसं खरोखर जास्त होतात. म्हणजे इकॉनॉमीत गर्दी करायची गरजच नाही. पुढच्या चार खुर्च्या अडवल्या की झालं.

"अरे, पण त्या खुर्च्यांवर बसणार कोण?"

"कुणीच नाही."

"मग त्या रिकाम्याच आहेत की."

तो थांबला. त्याच्या अख्ख्या बेताची कच्ची वीट हीच होती, आणि मला ती दिसली कारण असे अंदाज चुकतात कुठे हे शोधणं माझं रोजचं काम आहे. तिकिटांच्या यादीत विमान कितीही भरलेलं दिसो, नुकसानभरपाई यादीवर मिळत नाही. ती मिळते हाडामांसाच्या माणसाला जागा उरली नाही तर. गेट एजंट व्हॉलंटियरची नावं आधी नुसती लिहून घेते. "गरज पडली तर बोलावते" असं सांगून बसवून ठेवते. देशांतर्गत विमानाला सुटण्याच्या पंधरा मिनिटं आधी गेटवर नसाल तर तुमची जागा जाते. त्या वेळी मित्रांच्या नावाच्या चारही खुर्च्या मोकळ्या होतात, ताटकळलेले तिघे पुढे जाऊन बसतात, आणि व्हॉलंटियरला गोड बोलून सांगितलं जातं की तुमची गरज लागली नाही, आत या. तिकिटं आधी रद्द केली तर आधीच मोकळ्या. शेवटपर्यंत धरून ठेवली तर दार लागताना मोकळ्या. बेनामी प्रवासी कुणाला मागे ठेवू शकत नाही, कारण तो कधी पुढे येतच नाही.

शिवाय कंपनीचा हिशेबही तेवढा भोळा नसतो. रिफंडेबल तिकीटवाले जास्त प्रमाणात गळतात हे तिला ठाऊक असतं; तिची यंत्रणा कुठल्या प्रकारचं तिकीट आहे ते बघूनच किती येतील याचा अंदाज बांधते. एकाच कार्डावरून, एकाच विमानाची, वेगवेगळ्या नावांची महागडी तिकिटं ऐन सणाच्या दिवशी आली तर ती डोळ्यांवर येतात. दुहेरी आणि प्रवासाचा इरादा नसलेली बुकिंगं न विचारता रद्द करायचा हक्क बहुतेक कंपन्यांनी आपल्या अटींत लिहून ठेवलेला असतो. आणि अमेरिकेत विमानाचं तिकीट काढताना ओळखपत्रावरचं पूर्ण नाव, जन्मतारीख सरकारी सुरक्षा तपासणीसाठी द्यावी लागते. काल्पनिक नावं तिथे देणं हा निराळाच प्रकार आहे. त्या वाटेला जाऊ नये.

त्याने हार मानली नाही. दुसरी चाल काढली: मग मित्रांनी खरोखरच यायचं. रिफंडेबल तिकीटवाल्यांतले बरेच जण येणार नाहीत हे कंपनीने धरलेलंच असतं. आम्ही सगळेच्या सगळे आलो तर अंदाज फसेल, माणसं खरंच जास्त होतील. मग आम्हीच हात वर करू, व्हाउचर घेऊ आणि उरलेलं तिकीट रद्द करून पैसेही परत घेऊ.

ही चाल पहिलीपेक्षा शहाणी होती, हे मी त्याला सांगितलं. पण फर्स्ट क्लासमध्ये माणसं जास्त झाली तर एजंट आधी तिथल्या लोकांना मागच्या केबिनमध्ये बसवायचं बघते. थांबायला तयार झालेल्याला साधारणपणे पुढच्या विमानाचं तिकीट आणि वर व्हाउचर मिळतं, आणि दोन्हीच्या अटी त्या वेळच्या लेखी करारात असतात. व्हाउचर त्याच कंपनीचं, मुदतीचं. पाच-सहा मित्रांनी हजारो डॉलर कार्डावर अडकवायचे, सणाचा अख्खा रविवार विमानतळावर काढायचा, आणि एवढं करून त्या विमानात माणसं जास्त होतील की नाही हे नशिबावर. एवढ्या वेळात त्यांची नोकरी त्यांना जास्त पैसे देते.

पण खरं सांगायचं तर युक्ती चालते की नाही या मुद्द्यावर मला थांबायचं नव्हतं. चालली असती तरी मला ती नको होती, आणि का नको ते त्याला सांगणं मला गरजेचं वाटलं.

काही वर्षांपूर्वी कोल्हापूरहून फोन आला की बाबांना आयसीयूत हलवलं आहे. त्या दुपारी मी मिळेल ते तिकीट काढलं: शिकागो ते नेवार्क, तिथून रात्रीचं मुंबईचं विमान. शिकागोच्या गेटवर पोचले तेव्हा माझ्या बोर्डिंग पासवर खुर्चीच्या आकड्याच्या जागी 'गेटवर मिळेल' एवढंच छापलेलं होतं. ज्यांनी हे कधी अनुभवलं नाही त्यांना सांगते, त्याचा अर्थ असा की तिकीट कन्फर्म आहे पण खुर्ची ठरलेली नाही, आणि कुणाला मागे ठेवायचं झालंच तर नजर आधी तुमच्यावर जाते. नेवार्कचं विमान चुकलं असतं तर मुंबई एक दिवस लांब गेली असती.

एजंटने माइक घेतला. विमान भरलंय, एक व्हॉलंटियर हवाय, उद्या सकाळची जागा पक्की, तीनशे डॉलर. कुणी मान वर केली नाही. दहा मिनिटांनी पाचशे. एक बाई उठल्या, नवऱ्याशी बोलल्या, पुन्हा बसल्या. मी काउंटरपासून हात-दोन हातांवर उभी होते आणि पडद्यावरच्या स्टँडबाय, म्हणजे खुर्चीची वाट बघणाऱ्यांच्या, यादीतली आडनावाची तीन अक्षरं पुन्हा पुन्हा वाचत होते. मग सातशे, आणि रात्रीचं हॉटेल. तेव्हा कॉलेजचा स्वेटशर्ट घातलेला एक मुलगा, खांद्याला कपड्यांची गच्च भरलेली कापडी थैली, फोनवर आईला विचारत होता की उद्या दुपारी घ्यायला येशील का. ती हो म्हणाली असावी. तो काउंटरशी गेला, ओळखपत्र दिलं, कागदावर सही केली. एजंटने माझं आडनाव पुकारलं, अर्थातच चुकीचं, आणि छोट्या यंत्रातून एक चिठ्ठी निघाली. मधली खुर्ची, मागून चौथी रांग. मी त्या मुलाला 'थँक यू' म्हणाले. आपण कुणासाठी उठलो हे त्याला कळायचं कारण नव्हतं. त्याला व्हाउचर मिळालं, मला बाबा शुद्धीवर असताना भेटले.

सायमन यांच्या पाकिटाचं मोठेपण मला त्या संध्याकाळी कळलं. माझी गरज कुणाला पटवून द्यावी लागली नाही. रडून दाखवावं लागलं नाही, डॉक्टरचं पत्र दाखवावं लागलं नाही. त्या मुलाला एक रात्र सातशे डॉलरपेक्षा स्वस्त होती आणि मला ती कुठल्याही भावात परवडणारी नव्हती, एवढं आपोआप उघड झालं. ही सोय चालते कारण गेटवरचा प्रत्येक आकडा खरा असतो. मुलाची रात्र खरी, माझी घाई खरी, विमान भरलंय हेही खरं.

बेनामी तिकिटं यातली शेवटची गोष्ट खोटी करतात. आणि त्याचा फटका गेटवर बसतच नाही, म्हणून तो दिसत नाही. तो त्याआधी दोन दिवस, चार दिवस बसतो. भाच्याने अडवलेल्या खुर्च्या त्या काळात कुणालाही विकत घेता येत नाहीत. शेवटच्या दिवसांत तिकीट शोधणारी माणसं कोण असतात? मयतीला निघालेली, बाळंतपणाला निघालेली, आयसीयूतून फोन आलेली. त्यांना पडद्यावर विमान भरलेलं दिसतं, किंवा उरलेल्या एका खुर्चीचा भाव दुप्पट झालेला दिसतो, आणि ती दुसरी वाट शोधतात. खुर्च्या शेवटी मोकळ्या होतात खऱ्या, पण तोवर तो माणूस निघून गेलेला असतो. कंपनीला बुडवायला निघालेल्या युक्तीत बुडतो तो हा. कंपनी पुढच्या वर्षी रिफंडेबल तिकिटाच्या अटी आणखी आवळून आपलं नुकसान वसूल करून घेते.

हे आवळणं मी कल्पनेने सांगत नाही. महागड्या, लवचिक तिकिटांचा असा वापर नवीन नाही. म्युनिकमध्ये एका प्रवाशाने लुफ्थान्साचं बिझनेस क्लासचं बदलता येणारं तिकीट काढून ३६ वेळा लाउंजमध्ये खाणंपिणं केलं. दर वेळी तारीख पुढे ढकलायची आणि घरी जायचं. शेवटी तिकीट रद्द झालं आणि पैसेही परत मिळाले. कंपनी कोर्टात गेली आणि त्याला दर भेटीचे ५५ युरो धरून १,९८० युरो भरावे लागले. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर, प्रवास करायचा नसताना नुसतं कुणाला निरोप द्यायला किंवा आत फिरायला तिकीट काढून जाणं हा गुन्हा धरतात आणि पोलिसांनी त्यासाठी लोकांना अटक केली आहे. सगळ्यात मोठी गोष्ट अमेरिकन एअरलाइन्सच्या आजन्म पासची. १९८१ मध्ये त्यांनी अडीच लाख डॉलरला आयुष्यभर फर्स्ट क्लासचा पास विकायला काढला. शिकागोच्याच एका गृहस्थाने १९८७ मध्ये तो घेतला, पुढे सोबत्यासाठी दुसराही घेतला, आणि हजारो प्रवास केले. सोबत्याची खुर्ची तो कधी कधी 'बॅग' अशा नावाने राखून ठेवायचा, जायची खात्री नसलेली बुकिंगं करून सोडून द्यायचा, असा कंपनीचा आरोप होता. २००८ मध्ये ओहेअरवरच त्याच्या हातात पास रद्द केल्याचं पत्र दिलं गेलं. त्याच्या बाजूनेही बोलण्यासारखं पुष्कळ आहे. अमर्याद म्हणून विकलेली वस्तू वापरली म्हणून काढून घेणं मला सरळ वाटत नाही. पण न बसणाऱ्या माणसासाठी अडवलेली खुर्ची हा कंपनीचा आक्षेप मात्र मला समजतो.

आपल्याकडच्या वाचकांना हे सगळं परकं वाटू नये. गणपतीच्या आधी कोकणच्या गाड्यांचं आरक्षण उघडतं आणि बघता बघता वेटिंग लागतं, तेव्हा दलालांनी खोट्या नावांनी अडवलेली तिकिटं हा दरवर्षीचा संताप असतो. दलालाला त्या गाडीतून कणकवलीला जायचं नसतं. ज्याला जायचं असतं तो रात्रभर दिवा नाहीतर पनवेल स्टेशनच्या फलाटावर जनरलच्या डब्याची वाट बघतो. मात्र एका बाबतीत आपली रेल्वे विमान कंपन्यांपेक्षा सरळ आहे, असं माझं ठाम मत आहे. न येणाऱ्यांचा अंदाज तीही धरते, पण आरएसी म्हणजे काय आणि आपला नंबर कितवा हे तिकिटावर छापून देते. बाजूच्या खालच्या बर्थवर दोघं बसून जाऊ, कुणी गळलं तर झोपायला मिळेल, हे प्रवाशाला घरातून निघतानाच माहीत असतं. विमान कंपनी प्रत्येकाला 'कन्फर्म' म्हणते आणि खरी परिस्थिती गेटवर सांगते. आज या विमानाची किती तिकिटं जास्त विकली आहेत, हे चेक-इनच्या वेळीच प्रवाशाला दिसलं पाहिजे.

भारतात विमानात जागा नाकारली तर काय मिळतं, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं. विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीए या सरकारी यंत्रणेच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे कंपनीने आधी राजीखुशीने थांबणारे प्रवासी शोधायचे. तरी जागा नाकारलीच, तर मूळ वेळेपासून तासाभरात सुटणाऱ्या दुसऱ्या विमानाची सोय केल्यास भरपाई नाही. चोवीस तासांच्या आतली सोय केल्यास मूळ भाडं आणि इंधन आकार यांच्या दुप्पट, कमाल दहा हजार रुपये. त्याहून उशीर झाल्यास चौपट, कमाल वीस हजार. जून २०२२ मध्ये प्रवाशांना ही भरपाई नीट न दिल्याबद्दल डीजीसीएने एअर इंडियाला दहा लाखांचा दंड केला होता. युरोपात अंतराप्रमाणे २५०, ४०० किंवा ६०० युरो ठरलेले आहेत. अमेरिकेत देशांतर्गत प्रवासात जबरदस्तीने मागे ठेवलेल्याला, पोचायला दोन तासांहून जास्त उशीर होणार असेल तर, भाड्याच्या चौपट, २०२५ पासून २,१५० डॉलरपर्यंत द्यावे लागतात, आणि ते रोख मागायचा हक्क आहे. आपल्याकडचे दहा-वीस हजार गेल्या दशकात तिथेच थांबलेत. ते वाढायला हवेत, कारण जबरदस्ती स्वस्त असेल तर कंपनी बोली लावायच्या भानगडीत पडतच नाही.

हे सगळं त्या शनिवारी मी भाच्याला एका दमात सांगितलं नाही. बाबांचं तर त्याला अर्धवटच माहीत होतं. आजोबांना भेटायला मावशी धावत आली होती एवढंच. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "मग व्हाउचर घेणंच चूक का?"

अजिबात नाही. त्या स्वेटशर्टवाल्या मुलाने व्हाउचर घेतलं नसतं तर मी कुठे असते? ज्याच्याकडे खरोखर वेळ आहे त्याने तो चांगल्या भावाने विकावा, आणि भाव पाडून विकू नये. काही कंपन्या चेक-इनच्या वेळीच ॲपवर विचारतात की किती मिळाले तर थांबाल. डेल्टाने हे २०११ च्या सुमारास सुरू केलं, म्हणजे सायमन यांचं पाकीट अखेर फोनवर आलं. तिथे घाईने लहान आकडा टाकू नये. गेटवर नाव देताना विचारावं: पुढच्या विमानात जागा पक्की की स्टँडबाय? व्हाउचरला मुदत किती, सणासुदीला चालतं का, दुसऱ्याच्या नावाने तिकीट काढता येतं का? रात्र काढावी लागली तर हॉटेल आणि जेवण कुणाकडे? माझ्यानंतर कुणाला जास्त दिलेत तर मलाही तेवढे मिळतील का? हा शेवटचा प्रश्न विचारायला लोक लाजतात, आणि एजंट पुष्कळदा हो म्हणते.

भाच्याने फर्स्ट क्लासची तिकिटं काढली नाहीत. रविवार संध्याकाळचं स्वतःचं एकच तिकीट काढलं आणि ऑफिसात सोमवारची रजा टाकली. गेटवर पोचल्या पोचल्या काउंटरशी जाऊन नाव द्यायचं, सामान चेक-इन करायचं नाही, आणि आठशेच्या खाली हो म्हणायचं नाही, असं आमचं ठरलं.